पत्री पूल: पाडण्याची आणि उभारण्याची गोष्ट

तळोजा औद्योगिक वसाहतीतून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेला मालट्रक मुंब्रा-पनवेल रस्त्यानं कल्याण फाट्यापर्यंत येतो. तिथून शिळ रस्ता धरतो, पलावा, काटई, मानपाडा मागे टाकतो आणि कल्याणच्या वेशीवर येऊन पोहोचतो. या वेशीवर त्याला दोन गोष्टी ओलांडाव्या लागतात. आधी मध्य रेल्वेचे रूळ आणि मग दुर्गाडी किल्ल्याखालची खाडी. रूळ ओलांडण्यासाठी १९१४ साली जो पूल बांधला, त्याला लोक पत्री पूल म्हणत. तो १०४ वर्षं उभा होता. २०१८ मध्ये तो सहा तासांत उचलून बाजूला ठेवला गेला आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. त्या दोन वर्षांत कल्याण-डोंबिवलीकरांनी जे सोसलं ते वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं. ही वेळ आली कशी, ते मात्र त्या बातम्यांतून कळत नाही. त्यासाठी बरंच मागं जावं लागतं, आणि वाटेत महाडला थांबावं लागतं.

बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली गाडी १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली. पुढं एक मार्ग थळ घाटानं इगतपुरीकडे गेला आणि दुसरा बोरघाटानं पुण्याकडे. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. देशावरचा कापूस, धान्य, माणसं असं सगळं या दोन घाटांतून उतरून कल्याणला एकत्र येऊ लागलं. गाड्या वाढल्या तशी रुळांच्या अल्याड-पल्याडच्या वस्तीची पंचाईत झाली. फाटक जितका वेळ उघडं, तितकाच वेळ बैलगाडीला वाट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच अडचण मुंबईतही जागोजागी होती. गिरण्या वाढत होत्या, बंदरातला माल रेल्वेवर चढवण्यासाठी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू होणार होती, प्लेगनंतर नवे रस्ते आखले जात होते. यावर उपाय एकच होता, रस्ता रुळांच्या वरून न्यायचा. म्हणून या काळातल्या पुलांची सालं अशी लागोपाठ येतात: रे रोड १९१०, शीव १९१२, एल्फिन्स्टन १९१३, कल्याणचा पत्री पूल १९१४. एका पिढीच्या अभियंत्यांनी एकाच प्रश्नाला दिलेलं हे उत्तर होतं. ते सगळे पूल एकाच वेळी म्हातारे होणार, हेही त्या उत्तरातच होतं. पण शंभर वर्षांनंतरचा हिशेब तेव्हा कोण करणार?

या पुलांवरून काय जायचं, ते लक्षात घेतलं पाहिजे. बैलगाड्या, टांगे, हातगाड्या, मोजक्या मोटारी आणि क्वचित एखादा वाफेवर चालणारा रोलर. पुलावर किती भार धरायचा याचे देशभर लागू होणारे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्थाच मुळी १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाली. तिच्या आजच्या मानकांत शंभर टनांचं चाकांचं वाहन पुलावरून जाईल असं गृहीत धरलेलं असतं. १९१४ च्या पुलाला असलं वाहन स्वप्नातही दिसलं नसेल.

‘इंग्रजांचे पूल ते इंग्रजांचे पूल’ असं आपल्याकडे फार कौतुकानं बोललं जातं. त्यात अर्धं सत्य आहे. दगड चांगला होता, पोलाद जाड वापरलेलं होतं, हिशेबात हात सैल होता. पण जे पडले त्यांची आठवण कोणी ठेवत नाही, आणि जे टिकले ते पहिली पन्नास वर्षं जवळजवळ आरामात होते. खरी कसोटी लागली ती नंतर. फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांतून उल्हासनगर झालं. डोंबिवलीत कारखाने आले, तळोजात रासायनिक वसाहत उभी राहिली. भिवंडीत आधी यंत्रमाग आणि मग मैलोगणती गोदामं झाली. १९८९ मध्ये न्हावा शेवाला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि पनवेल-तळोजा-शिळ-कल्याण या वाटेवर कंटेनर दिसू लागले. चाळीस फुटी कंटेनर काठोकाठ भरला तर त्याचंच वजन तीस टनांपर्यंत जातं. ओढणारी गाडी वेगळी. राज्य रस्ते विकास महामंडळानं भिवंडी-कल्याण-शिळ रस्ता रुंद केला. पत्री पुलाशेजारी आणखी एक पूलही बांधला गेला. जुना मात्र काढला नाही. तो कामातच राहिला.

नवा पूल बांधायचा आणि जुनाही एका दिशेला वापरत राहायचा, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. काटकसर म्हणून ती समजण्यासारखीही आहे. ती किती महागात पडू शकते, हे कळलं ते शेजारच्या रायगड जिल्ह्यात.

पनवेलहून गोव्याकडे जाणारा महामार्ग महाडच्या पुढे सावित्री नदी ओलांडतो. तिथं १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. २००१ मध्ये त्याच्या शेजारी नवा पूल झाला. गोव्याकडे जाणारी वाहनं नव्यावरून जात आणि मुंबईकडे येणारी जुन्यावरून. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या डोंगरात धुवांधार पाऊस होता आणि सावित्री दुथडी भरून वाहत होती. साडेअकराच्या सुमारास जुना पूल पाण्यात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या आणि एक तवेरा मोटार त्या अंधारात नदीत कोसळल्या. रस्त्याकडेच्या गॅरेजवर काम करणाऱ्या एका माणसाला समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे दिसता दिसता नाहीसे झाल्याचं जाणवलं. त्यानं धावत जाऊन पुढची वाहनं अडवली, म्हणून आणखी गाड्या वाचल्या. एनडीआरएफ, नौदल आणि तटरक्षक दलाचे लोक दिवसचे दिवस शोध घेत होते. क्रेनला जड लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला गेला. वाहून गेलेले मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत सापडले. एसटीच्या गाडीचा पहिला सांगाडा मिळायला आठवड्याहून जास्त काळ लागला. चाळीसच्या आसपास माणसं गेली.

सरकारकडून तेव्हा सांगण्यात आलं, की मे महिन्यातच या पुलाची पाहणी झाली होती आणि तिच्यात धोक्याचं काही आढळलं नव्हतं. हे वाक्य मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाहणी झाली नाही असं नाही, झाली होती. पण उन्हाळ्यात, कोरड्या नदीच्या काठावर उभं राहून कमानीचा दगड बघणं ही एक गोष्ट, आणि खांबाच्या पायाखालची माती पुरात किती खरवडली गेली आहे हे तपासणं ही निराळी. दगडी कमानीला वरच्या भाराची फारशी भीती नसते. भारानं तिचे दगड उलट एकमेकांवर घट्ट बसतात. तिला भीती असते ती पायाची. शिवाय ओळीनं उभ्या असलेल्या कमानी एकमेकींना रेटून धरतात. मधला एक खांब खचला की शेजारच्या कमानीचा रेटा अडवायला कोणी उरत नाही आणि एकीमागून एक साऱ्या जातात. सावित्रीच्या पात्रातल्या वाळूउपशाकडे तेव्हा अनेकांनी बोट दाखवलं, पुलाच्या सांध्यांत वाढलेल्या झाडांचे फोटोही फिरले. राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती एस. के. शहा यांचा चौकशी आयोग नेमला आणि राज्यातल्या सगळ्या ब्रिटिशकालीन पुलांची तपासणी करण्याचे आदेश निघाले.

नव्या पुलाचं काम मात्र विलक्षण वेगानं झालं. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी १८० दिवसांत पूल उभारण्याचं जाहीर केलं होतं. तो १६५ दिवसांत झाला आणि ५ जून २०१७ रोजी, पुढच्या पावसाआधी, वाहतुकीला खुला झाला. २३९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. म्हणजे पूल बांधायला आपल्याला वेळ लागतो असं नाही. नदीत माणसं जाईपर्यंत ठरवायला वेळ लागतो.

सावित्रीनंतर नदीवरच्या पुलांकडे नजर गेली. रुळांवरच्या पुलांची पाळी दोन वर्षांनी आली. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास, ऐन गर्दीच्या तोंडावर, अंधेरीच्या गोखले पुलाच्या पदपथाचा भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. हा पूल ब्रिटिशकालीन नव्हता, १९७५ चा होता. तो पडताच रेल्वेनं काय म्हणावं? पूल महापालिकेचा. महापालिकेनं काय म्हणावं? रुळांवरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीतला. रुळांवरच्या प्रत्येक पुलाचं हेच दुखणं आहे. मधला तुकडा रेल्वेचा, दोन्हीकडचे पोहोच रस्ते पालिकेचे किंवा बांधकाम खात्याचे किंवा महामंडळाचे. देखभालीचा पैसा एकानं भरायचा, काम दुसऱ्यानं करायचं, आणि जबाबदारी तिसरीकडे ढकलायची. तत्कालीन रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी मुंबईतल्या ४४५ पुलांची तपासणी आयआयटी मुंबईच्या मदतीनं करण्याची घोषणा केली.

त्याच महिन्यात दिल्लीत आणखी एक निर्णय झाला, ज्याकडे पुलांच्या संदर्भात फार कोणी पाहिलं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मालट्रकांची कायदेशीर वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकला पूर्वी २५ टनांची परवानगी होती, ती साडेअठ्ठावीस टन झाली. वाहतूकदारांची ती जुनी मागणी होती आणि रस्त्यावर तेवढा माल तसाही भरला जात होता, हे खरंच. तरी जुलै २०१८ मध्ये एका हातानं जुन्या पुलांची तब्येत तपासायला घ्यावी आणि दुसऱ्या हातानं त्यांच्यावरचं ओझं वाढवावं, हा योग लक्षात राहण्यासारखा आहे.

तपासणीत कल्याणचा पत्री पूल धोकादायक ठरला. ऑगस्ट २०१८ मध्ये तो वाहतुकीला बंद झाला आणि दोन्ही दिशांची सगळी वाहनं शेजारच्या पुलावर आली. पुढं पाडण्याचा प्रश्न होता. खालून उपनगरी गाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या दिवसरात्र धावतात; वर विजेच्या तारा आहेत. इथं घण घालून पूल फोडता येत नाही. पूल सुटा करायचा आणि तुकड्यांत उचलायचा, एवढाच मार्ग. १८ नोव्हेंबर २०१८ च्या रविवारी मध्य रेल्वेनं सहा तासांचा मेगाब्लॉक घेतला. विजेचा पुरवठा बंद झाला, प्रचंड क्षमतेच्या क्रेन दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या आणि १०४ वर्षांच्या लोखंडी तुळया एकेक करून अलगद वर उचलल्या गेल्या. त्या दिवशी डोंबिवली-कल्याण दरम्यान लोकल नव्हत्या. प्रवासी रस्त्यावर उतरले, पालिकेनं जादा बस सोडल्या आणि आसपासच्या इमारतींच्या गच्च्यांवर बघ्यांची गर्दी झाली. काम वेळेत झालं. रेल्वेच्या लोकांचं कौशल्य अशा दिवशी पाहावं.

त्यानंतर दोन वर्षं लोकांनी पाहिली ती फक्त कोंडी.

नवा पूल महामंडळानं बांधायचा होता. आराखडा रेल्वेनं मंजूर करायचा होता. रुळांच्या मधे खांब नको, कारण पुढं मार्गिका वाढवायच्या. म्हणून एकाच झेपेत रूळ ओलांडणारी तुळई ठरली: ७६.६७ मीटर लांब आणि सुमारे ७०० टन वजनाची, धनुष्याच्या आकाराची, जिच्या कमानीला रस्ता टांगलेला असतो. ती हैदराबादच्या कारखान्यात तयार होऊन सुट्या भागांत कल्याणला आणायची आणि इथं जोडायची. एकीकडे अशी जय्यत योजना आणि दुसरीकडे एकामागून एक हुकणाऱ्या मुदती. कल्याण पूर्वेकडून पश्चिमेला दहा मिनिटांत होणाऱ्या प्रवासाला तास लागू लागला. रुग्णवाहिका अडकल्या, शाळेच्या बस अडकल्या, आंदोलनं झाली, निवडणुका झाल्या. पत्री पूल हा विनोदाचा विषय झाला, आणि एखाद्या सार्वजनिक कामाचा विनोद झाला की त्या कामाची लाज वाटण्याचे दिवस संपलेले असतात.

मग मार्च २०२० आला. टाळेबंदीत लोकल बंद पडल्या. रूळ मोकळे, रस्ते मोकळे. पुलाचं काम करायला याहून चांगला काळ मिळाला नसता. पण हैदराबादहून यायचे भाग अडकले, मजूर गावी गेले आणि ती संधी तशीच निघून गेली. याच दिवसांत, याच महामंडळानं, पनवेलहून पुण्याला जाणाऱ्या द्रुतगती महामार्गावर नेमकं उलट घडवलं. खंडाळ्याजवळचा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल खालच्या रस्त्याचा गळा आवळत होता. त्याच्या दगडी खांबांमुळे मार्गिका आखडल्या होत्या आणि घाटातली कोंडी तिथूनच सुरू होत असे. वर्षानुवर्षं तो पाडायची चर्चा होती. वाहतूक थांबवायची कशी, इथं गाडं अडत होतं. ५ एप्रिल २०२० रोजी, महामार्ग ओस पडलेला असताना, नियंत्रित स्फोटानं तो पाडला गेला. वारसा म्हणून त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना हळहळ वाटली. पण घाटातून रोज जाणाऱ्याला विचाराल, तर उत्तर वेगळं मिळेल.

कल्याणात तुळई अखेर जोडून तयार झाली आणि २१ व २२ नोव्हेंबर २०२०, शनिवार-रविवार, असे ब्लॉक घेऊन ती रुळांवरून पुढे सरकवायला सुरुवात झाली. सातशे टनांचं धूड एका काठावरून निघून हवेतून दुसऱ्या काठाकडे जाताना बघणं हा थरारक प्रकार असतो. ते वेगानं जात नाही. मधेच थांबतं, पुन्हा हलतं. खाली अभियंते मोजमापं घेत असतात आणि प्रत्येक मिनिट रेल्वेकडून उसनं आणलेलं असतं. २५ जानेवारी २०२१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटन झालं. तोवर जुना पूल बंद होऊन जवळपास अडीच वर्षं झाली होती. त्याच वर्षी मे अखेरीस दुर्गाडीच्या नव्या खाडीपुलाच्या दोन मार्गिकाही खुल्या झाल्या आणि तळोजा-भिवंडी वाटेवरच्या दोन्ही गाठी थोड्या सैल झाल्या.

मुंबईत तोवर हीच गोष्ट जागोजागी सुरू होती, आणि तिथं एक निराळं कारणही दिसतं. पूल पाडावा लागतो तो दर वेळी वरून जाणाऱ्यांसाठी नाही, खालून जाणाऱ्यांसाठीही. मध्य रेल्वेनं १५०० व्होल्टच्या जुन्या विद्युत प्रवाहाऐवजी २५ हजार व्होल्टचा नवा प्रवाह घेतला. मुंबईतल्या मुख्य मार्गावर हे काम २०१५ मध्ये पुरं झालं. नव्या तारेला पुलाच्या पोटापासून जास्त अंतर लागतं. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल इतका बुटका होता, की त्याच्याखाली ते मिळेना आणि गाड्यांना वेग कमी करावा लागे. जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सावित्रीच्याही आधी, तो १८ तासांच्या ब्लॉकमध्ये पाडला. नव्या पुलावरून वाहनं जायला २०२२ साल उजाडलं. मशीद बंदरचा कर्नाक पूल १८६८ चा; तो नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांच्या ब्लॉकमध्ये काढला आणि त्याच्या जागचा पूल १० जुलै २०२५ रोजी ‘सिंदूर’ या नावानं खुला झाला. जुनं नाव गेलं याचं फारसं वाईट वाटायला नको. जेम्स रिव्हेट-कर्नाक हे १८३९ ते १८४१ असे जेमतेम दोन वर्षं मुंबईचे गव्हर्नर होते.

उंचीचाच घोळ गोखले पुलाच्या पुनर्बांधणीतही झाला. रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे पूल उंच बांधला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू सुरू करताना लक्षात आलं, की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला तो भिडतच नाही. मधे जवळजवळ माणूसभर उंचीचं अंतर आहे. देशभर हसं झालं. मग बर्फीवाला पुलाचा भाग जॅकवर उचलून जुलैत दोन्ही जोडले. यंत्रणा दोन असल्या की चूक एकीचीच नसते, आणि ती नंतर दुरुस्त करणं हे पूल बांधण्याइतकंच कुशल काम असतं, हे त्यात हरवून गेलं.

वारशाचा कायदा आणि वाहतुकीची गरज समोरासमोर आली की काय होतं, ते कोल्हापूरनं सगळ्यांत कडवट रीतीनं अनुभवलं. पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकातला. त्याचं वय ओळखून शेजारी पर्यायी पूल सुरू झाला, बराचसा झालाही. पण जवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. ते संरक्षित पुरातत्त्व स्थळ असल्यानं त्याच्या आसपास बांधकामाला केंद्राच्या कायद्यानं मनाई. काम अर्धवट थांबलं. टेकडीचं रक्षण झालं आणि जुना पूल, जो स्वतःच वारसा होता, भार वाहत राहिला. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या भाविकांची मिनी बस त्याचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली आणि तेरा जण गेले. पर्यायी पूल २०१९ मध्ये सुरू झाला.

पुण्यात मात्र शहाणपणाचं एक उदाहरण आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल १८६९ चा, दगडी कमानींचा, देखणा. शेजारी नवा पूल झाल्यावर जुन्यावरची वाहनं बंद केली आणि तो पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला. २००१ मध्ये महाडलाही हाच पर्याय होता. जुन्या पुलाची सेवानिवृत्ती तेव्हाच झाली असती, तर ऑगस्टच्या त्या रात्री पूल पडला असता कदाचित, पण त्याच्यावर कोणी नसतं. सांगलीत १९२९ च्या आयर्विन पुलावर अजूनही कृष्णेचा पूर फुटांनी मोजतात. एवढंच काम ज्या पुलाकडे उरावं, त्याला सन्मानानं जपता येतं.

मला वाटतं, जुन्या पुलाचं आधुनिकीकरण म्हणजे त्याला नवं पोलाद लावणं नव्हे. आधी ठरवायचं असतं, की या पुलावरून इथून पुढं काय जाणार आणि खालून काय. पत्री पुलाच्या बाबतीत हे ठरवण्याची वेळ १९८९ नंतर, कंटेनर दिसू लागले तेव्हाच आली होती. शेजारी दुसरा पूल बांधला त्या दिवशी जुन्याच्या जागी तिसरा कधी बांधायचा याचं वेळापत्रक तयार व्हायला हवं होतं. ते न झाल्यानं काम आलं ते संकट म्हणून, आणि संकटातल्या कामाची किंमत वाहनचालकानं इंधनात आणि प्रवाशानं तासांत मोजली.

यापुढं भार हलका होणार नाही. ३ मार्च २०२४ रोजी कल्याण-तळोजा मेट्रोचं भूमिपूजन झालं. सुमारे २२ किलोमीटरचा हा मार्ग याच शिळ रस्त्याच्या कडेनं जाणार आहे. तळोजाच्या पेंधरपर्यंत बेलापूरहून मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावतेच आहे. मुंबईत एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला, शेजारच्या इमारतींतल्या रहिवाशांनी पुनर्वसनासाठी बरीच झुंज दिल्यानंतर. तिथं अटल सेतूकडे जाणारा दुमजली पूल येणार आहे. १९१० ते १९१४ ची ती सगळी पिढी आता एकेक करून उतरते आहे.

राज्यात पुलांची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होते, तिचे अहवाल लिहिले जातात आणि फायलींत जातात. तुमच्या रोजच्या वाटेवरचा पूल कोणत्या सालचा, कोणाच्या मालकीचा, किती टनांसाठी बांधलेला आणि त्याचा पाण्याखालचा पाया शेवटचा कधी तपासला, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. या पावसाळ्याआधी तो अर्ज करा.